क्रोमवर पावडर कोटिंग चढलंय? आधी पॉलिश पेपर खाली ठेव

भावा, घाई करू नको. नाशिकच्या अंबड-सातपूर एमआयडीसीत कोटिंगला गाडीची फ्रेम टाकली की मास्किंग (जिथे रंग नको तो भाग झाकणं) आपणच बघून घ्यायचं असतं, माझ्याही फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) क्रोमवर काळं चढवून दिलेलं एकाने, आणि मी शहाणा पॉलिश पेपर घेऊन बसलो, काळं गेलं पण क्रोमवर ओरखडे पडले ते कायमचे. थिनरने घासत बसू नको, साधारण १८०-२०० डिग्रीला भट्टीत रंगाची भुकटी वितळून पक्कं झालेलं कोटिंग आहे ते, दाद देत नाही. आणि बाथरूमचं ॲसिड तर अजिबात नको, ते क्रोमच खातं.

हार्डवेअरच्या दुकानातून मिथिलीन क्लोराइडवालं जेल पेंट रिमूव्हर आण. जे कोटिंग ठेवायचंय त्यावर टेप लाव, पण टेपवर फार विसंबू नको, कडेपासून तीन-चार मिलिमीटर लांबच जुन्या ब्रशने जेल लाव. थोड्या वेळात कोटिंग पापडासारखं फुगतं, मग कुल्फीच्या काडीने हळूच उचल. राहिलेली कड पितळी पट्टीने, पितळ क्रोमपेक्षा मऊ असतं म्हणून. हे सगळं गच्चीवर, जाड केमिकलचे ग्लोव्हज आणि चष्मा घालून, बंद खोलीत वाफ जीवावर बेतू शकते. शेवटी भरपूर पाण्याने धू, पुसून कोरडं कर.