मुलीनं कॉर्नेलला ‘अर्ली डिसिजन’मध्ये अर्ज करावा का?

तुमच्या प्रश्नातलं मला कळलं ते असं: मुलगी ठाण्यात बारावी सायन्सला आहे, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातच इंजिनीअरिंग करायचं हे तिनं ठरवलंय, घरातून वर्षाला ३० लाखांच्या वर निघणार नाहीत. आणि कन्सल्टंटचा सल्ला असा की अर्ली डिसिजन (निवड झाली तर तिथेच जायचं असं बांधून घेणारा लवकरचा अर्ज) टाका, चान्स दुप्पट होतो. फक्त फॉर्मवर ‘आर्थिक मदत हवी’ यावर टिक करू नका, पैशांचं नंतर बघता येईल.

‘नंतर बघता येईल’ यापासूनच सुरुवात करते, कारण बाकी सगळं चुकलं तरी सावरता येतं, हे सावरता येत नाही. कॉर्नेलमध्ये परदेशी विद्यार्थ्यानं प्रवेशाच्या अर्जासोबत मदत मागितली नाही, तर पुढे तिथून पदवी मिळेपर्यंत विद्यापीठाकडून मदत मिळत नाही. दुसऱ्या वर्षी मागू, परिस्थिती सांगू, असं काही चालत नाही. फी, राहणं, जेवण, विमा मिळून वर्षाचा खर्च ९० हजार डॉलरच्या वर जातो, म्हणजे आजच्या भावानं पाऊण कोटीच्या पुढे. तुमचे ३० लाख वजा केले तरी वर्षाला किमान ४५ ते ५० लाख कमी पडतात. चार वर्षांचे दोन कोटींच्या आसपास. एवढं कर्ज काढून बावीस वर्षांच्या मुलीला नोकरीच्या बाजारात पाठवायचं, तेही व्हिसाच्या अनिश्चिततेत, हे मला कुठल्याही नावाच्या विद्यापीठासाठी मान्य नाही.

मी पुण्यात एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवते. परदेशी विद्यापीठांचे अर्ज भरणाऱ्या मुलांची कॉलेजकडची कागदपत्रं बरीच वर्षं माझ्याकडे आहेत. अर्ली डिसिजनच्या करारावर तीन सह्या लागतात: विद्यार्थ्याची, पालकांपैकी एकाची आणि शाळा-कॉलेजच्या समुपदेशकाची. आमच्याकडे समुपदेशक असं वेगळं पद नाही, त्यामुळे ती तिसरी सही माझी असते. सही करण्याआधी मी पालकांना समोर बसवून एकच गोष्ट विचारते: डिसेंबरात ‘हो’ आलं आणि सोबत एक रक्कम आली, तर कितीपर्यंत तुम्ही दुसरीकडे न बघता ‘हो’ म्हणाल? हा आकडा सांगता आला नाही तर मी सही पुढे ढकलते.

कारण या कराराचा अर्थच तो आहे. १ नोव्हेंबरपर्यंत अर्ज, डिसेंबरच्या मध्याला निकाल, आणि प्रवेश मिळाला तर बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. अर्ली डिसिजन एकाच ठिकाणी टाकता येतं. त्यातून सुटायला सर्वमान्य कारण एकच: दिलेली मदत कुटुंबाला खरोखर पुरत नाही. त्या कारणानं नकार दिला तर कुणी कोर्टात खेचत नाही. पण ‘दुसऱ्या विद्यापीठानं जास्त दिले’ असं म्हणण्याची सोय राहत नाही, कारण दुसऱ्यांचा निकाल तोपर्यंत लागलेलाच नसतो. तुम्ही गमावता ती तुलना. ज्यांना पूर्ण खर्च झेपतो त्यांना हे गमावल्याचं काहीच वाटत नाही, आणि म्हणून ही पद्धत त्यांच्या सोयीची आहे, ही अमेरिकेतही जुनी तक्रार आहे. हार्वर्ड आणि प्रिन्स्टननं २००६ मध्ये याच कारणासाठी आपापला लवकरचा फेरा बंद केल्याचं जाहीर केलं होतं, आणि २०११ मध्ये दोघांनीही तो परत सुरू केला.

आता चान्स दुप्पट होण्याबद्दल. लवकरच्या फेरीत निवडीचं प्रमाण जास्त दिसतं हे खरं. काही विद्यापीठं निम्म्याच्या आसपास जागा याच फेरीत भरतात. पण त्या आकड्यात खेळाडू म्हणून आधीच हेरून ठेवलेली मुलं असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात, आणि ज्यांची फाइल ऑगस्टमध्येच तयार आहे अशी, चांगल्या समुपदेशकांच्या हाताखालची मुलं असतात. तुमच्या मुलीला त्यातला किती फायदा लागू होतो, हे त्या टक्केवारीवरून कळत नाही. काहीतरी होतो, असं मी मानते. ‘मी येणारच’ असं सांगणारा अर्ज विद्यापीठाला हवा असतो. दुप्पट मात्र कुणी मला सांगितलं तर मी ऐकून सोडून देते.

त्यात परदेशी आणि मदत मागणारा विद्यार्थी असला की हिशेब आणखी वेगळा. कॉर्नेल परदेशी अर्जदाराला मदत लागणार आहे का, हे निवड करताना बघतं. म्हणजे टिक केल्यानं अर्ज जड होतो, कन्सल्टंट इथपर्यंत बरोबर आहे. पण मदतीसह निवड झाली तर ठरलेली पूर्ण गरज भागवली जाते. आणि भारतीय मुलांसाठी तिथे टाटा शिष्यवृत्ती आहे: रतन टाटा कॉर्नेलचे माजी विद्यार्थी, आणि २००८ मध्ये टाटांच्या ट्रस्टनं दिलेल्या ५ कोटी डॉलरच्या देणगीतला निम्मा भाग यासाठी राखला गेला. एका वेळी साधारण वीस मुलं त्यावर शिकत असतात. तिचा वेगळा फॉर्म नसतो, मदत मागणाऱ्या भारतीय अर्जांतूनच निवड होते. टिक केली नाही, तर हे दारही आपणच आपल्या हातानं लावून घेतो.

पण खरा घोळ ‘पूर्ण गरज’ या शब्दांत असतो. गरज तुम्ही ठरवत नाही, विद्यापीठ ठरवतं. तुमचे ३० लाख हा तुमचा आकडा. सीएसएस प्रोफाइल नावाच्या फॉर्मवर पगार, फॉर्म १६, आयकर विवरणपत्रं, बँकेतली शिल्लक, गुंतवणूक, राहतं घर, दुसरं घर, सगळं भरावं लागतं, आणि त्यावरून त्यांचा आकडा ४२ लाखही निघू शकतो. ठाण्यातल्या दोन बीएचकेची आजची किंमत डॉलरमध्ये लिहिली की ती आपल्यालाच श्रीमंतासारखी वाटायला लागते. गावाकडची जमीन हा तर कायमचा प्रश्न. सातबारा आजोबांच्या नावावर, वाटणी झालेली नाही, उत्पन्न चुलत्यांकडे, आणि वडील फॉर्मवर अख्ख्या शेताची किंमत लिहून मोकळे. तसं करू नका. तुमच्या नावावर काय, आजोबांच्या नावावर काय, त्यातून हातात प्रत्यक्ष किती येतं, हे वेगळं करून साध्या शब्दांत टिपणात लिहा. फॉर्मवर खास परिस्थिती सांगायला जागा असते. लपवूही नका, फुगवूही नका. आई-वडिलांवर कुणाच्या औषधपाण्याचा मोठा खर्च असेल तर तोही तिथेच लिहायचा. विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरची खर्चाची गणितं मुख्यतः अमेरिकन कुटुंबांसाठी बनवलेली असतात, त्यांच्या उत्तरावर विसंबून सही करू नये.

दुसरी गोष्ट, जिच्याकडे आपल्याकडे फारसं कुणी लक्ष देत नाही: अकरावी. महाराष्ट्रात दहावीनंतर अकरावी म्हणजे दम खाण्याचं वर्ष, मार्कांना कोण विचारतं, अशी रीत आहे. जेईई-सीईटीच्या क्लासला जाणारी मुलं तर कॉलेजच्या अकरावीच्या पेपरला कशीबशी बसतात. लवकरच्या अर्जात मात्र नववी, दहावी आणि अकरावी एवढंच विद्यापीठासमोर असतं. बारावीचा निकाल मे महिन्यात, सहामाहीचे मार्क दिवाळीच्या मागेपुढे. अकरावी घसरली असेल आणि बारावीत मुलगी सावरली असेल, तर तिनं नियमित फेरीत, जानेवारीच्या सुरुवातीच्या मुदतीला अर्ज करावा. तिथे सहामाहीचे मार्क पाठवता येतात आणि सुधारणा दिसते. अशा मुलीला नोव्हेंबरची घाई करणं म्हणजे तिची सर्वात कमकुवत बाजू पुढे करणं.

कागदपत्रांचंही बघा. नववी-दहावी एका शाळेत, अकरावी-बारावी कनिष्ठ महाविद्यालयात, म्हणजे गुणपत्रकं दोन ठिकाणची. जुन्या शाळेत नववीचा रेकॉर्ड काढायला क्लार्क जनरल रजिस्टर शोधतो, मुख्याध्यापकांची सही, गोल शिक्का, मग स्कॅन. हे दिवाळीच्या सुट्टीच्या तोंडावर मागायला गेलात तर शाळा उघडेपर्यंत मुदत टळते. कॉलेजच्या माहितीपत्रकात एसएससीची ‘बेस्ट ऑफ फाइव्ह’ टक्केवारी म्हणजे काय, बोर्डात नव्वदच्या वर किती मुलं असतात, आमच्याकडे निवडीचे विषय किती, हे कुणीतरी बसून नीट लिहायला हवं, नाहीतर तिकडच्या वाचणाऱ्याला ९१ टक्क्यांचा अर्थ लागत नाही. दोन शिक्षकांची शिफारसपत्रं हवीत, आणि ती लिहिणारा माणूस ऐंशी-शंभर मुलांच्या तुकडीतल्या तुमच्या मुलीला ओळखणारा हवा. एसएटी किंवा एसीटी, यांपैकी एक प्रवेशपरीक्षा कॉर्नेलनं पुन्हा सक्तीची केली आहे. एसएटी देणार असाल तर लवकरच्या फेरीसाठी ऑक्टोबरची परीक्षा शेवटची धरून चाला.

माझं मत विचारलंत, तर ते असं. कॉर्नेल तिला खरंच सगळ्यांपेक्षा वर वाटत असेल, अकरावी चांगली असेल, आणि सीएसएस भरून, स्वतः कागदावर हिशेब करून ३० लाखांत बसण्याची वाजवी आशा दिसत असेल, तर अर्ली डिसिजन टाकावं. मदतीला टिक करूनच. रक्कम पुरली नाही तर आधी विद्यापीठाला पत्र लिहून फेरविचार मागायचा, तरी जमलं नाही तर प्रामाणिकपणे सुटायचं. यात तिसरी सही करणाऱ्यालाही खाली बघावं लागत नाही. खोटी कारणं सांगून करार मोडलेला मात्र त्याच कॉलेजातून पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या मुलांना भोवतो, म्हणून मी त्याबाबत कडक आहे.

‘कॉर्नेल किंवा तशीच कुठलीही’ असं तिचं असेल तर बांधून घेऊ नका. मदत लागते की नाही हे न बघता परदेशी मुलांची निवड करणारी थोडी विद्यापीठं आहेत, उदाहरणार्थ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, डार्टमथ, ब्राउन, ॲमहर्स्ट, बोडन. यातल्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनला लवकर अर्ज केला तरी यायचंच असं बंधन नसतं, फक्त त्या वेळी दुसऱ्या खासगी विद्यापीठाला लवकर अर्ज करता येत नाही. निवड तिथेही अतिशय कठीण, पण तुमच्या ३० लाखांमुळे अर्ज मागे पडत नाही. पर्ड्यू, इलिनॉयसारख्या सरकारी विद्यापीठांचं अर्ली ॲक्शन, म्हणजे तिथला लवकरचा अर्जही, बंधनकारक नाही, इंजिनीअरिंग उत्तम आहे. मात्र परदेशी मुलांना तिथे मदत नगण्य, त्यामुळे तुमच्या आकड्यात ती बसणार नाहीत.

काहीही ठरलं तरी नियमित फेरीचे निबंध १५ डिसेंबरच्या आत लिहून ठेवायला सांगा. नकार आला तर हातात जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत बारावीची प्रिलिम, प्रॅक्टिकलच्या जर्नल आणि जानेवारीची जेईई मेन असते. नकाराच्या दुसऱ्या दिवशी नवीन निबंध लिहायला बसलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांच्याकडून चांगलं लिहून होत नाही.

तुम्ही तिचे अकरावीचे मार्क लिहिलेले नाहीत. तेवढे आणि एसएटी झाली आहे का, हे खाली लिहिलंत तर नोव्हेंबर की जानेवारी, याचं उत्तर मला जास्त नेमकं देता येईल.