मणक्यात ‘गॅप’ आणि तीन बल्ज

प्रश्न : वय 52, एसटीत चालक आहे. वर्षभर कंबर दुखते, तीन महिन्यांपासून डाव्या पायात कळ उतरते. एमआरआयच्या रिपोर्टात तीन ठिकाणी ‘डिस्क बल्ज’ लिहिलंय. गावातले डॉक्टर म्हणाले, मणक्यात गॅप आहे. मेहुणा म्हणतो, ऑपरेशन उरकून टाका, नाहीतर पाय जाईल. स्टिअरिंग सुटणार का?
– एक वाचक, कराड

उत्तर : आधी त्या ‘गॅप’चं बघू. दोन मणक्यांमध्ये फट सगळ्यांनाच असते, तिथेच गादी, म्हणजे डिस्क, बसलेली असते. गादी वाळली की फट उलट कमी होते. हा शब्द कुणी रुळवला देवजाणे, तीस वर्षं ऐकतेय!

आता बल्ज, म्हणजे गादीचा फुगवटा. मी एमआरआयचे रिपोर्ट लिहिणारी डॉक्टर. आमच्याकडे एमआरआयचं नवं मशीन आलं तेव्हा चाचणीसाठी मीच आत जाऊन झोपले. वय 49, कंबर कधी दुखलेली नाही. फोटोत एल-4 आणि एल-5, म्हणजे कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली गादी काळी पडलेली आणि मागे फुगलेली. गादीतलं पाणी एमआरआयमध्ये पांढरं चमकतं, ते आटलं की ती काळी दिसते. केस पिकतात, तसंच हे. काहीच दुखत नसलेल्या तीन हजारांवर लोकांच्या तपासण्या एकत्र करून 2015 साली एक आढावा निघाला. त्यात पन्नाशीच्या शंभरातल्या साठ जणांना बल्ज होता.

मग तुमची कळ खोटी का? मुळीच नाही. पण तिन्ही बल्ज गुन्हेगार नसतात. मी अंधाऱ्या खोलीत स्क्रीनसमोर बसते, पेशंट मला दिसतही नाही. फॉर्मवर नुसतं ‘कंबरदुखी’ असतं, कोणता पाय हेही कुणी लिहीत नाही. मग जे दिसेल ते सगळं मी लिहिते.

म्हणून कळ कुठवर जाते ते नीट बघा. नडगीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत जात असेल आणि अंगठा वर उचलताना जोर कमी पडत असेल, तर संशय कमरेतून पायात उतरणाऱ्या एल-5 नसेवर. टाचेकडून करंगळीच्या कडेला जात असेल, चवड्यावर उभं राहणं जड जात असेल, तर तिच्या खालच्या एस-1 नसेवर. हे हाडांच्या किंवा मेंदू-मणक्याच्या डॉक्टरांनी तपासून फोटोशी जुळवायचं. फोटोत नस उजवीकडे दबलेली आणि कळ डावीकडे, असं निघालं तर त्या जागेच्या ऑपरेशनने तुम्हाला काय मिळणार?

पायात ताकद असेल तर घाई नाही. गादीचा बाहेर आलेला तुकडासुद्धा पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो. स्टिअरिंगचा निर्णयही तपासणीनंतर. तोवर प्रत्येक स्टँडवर खाली उतरून चार पावलं चाला.

मात्र लघवी अडली किंवा नकळत झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला किंवा पाऊल लोंबायला लागलं, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा. बारीक ताप, रात्रीचं दुखणं आणि वजन घटणं असेल तर मणक्याचा टीबी आहे का, तेही बघावं लागेल.

जाताना नुसता रिपोर्ट नको, प्लेट्स आणि सीडीही न्या.