आणीबाणीतील औषधे आणि हातातला मोबाइल

प्रश्न : माझ्या सगळ्या औषधांची नोंद ॲपमध्ये आहे. मी बेशुद्ध पडलो, तर लॉक असलेल्या फोनमधून ती डॉक्टरांना कशी कळेल?

उत्तर : ॲपमधली यादी फोन उघडल्याशिवाय दिसत नाही. त्यासाठी आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये ‘मेडिकल आयडी’ भरून, लॉक असतानाही ती दिसण्याचा पर्याय सुरू करावा. बहुतेक अँड्रॉइड फोनमध्येही आणीबाणीच्या माहितीची अशीच सोय असते. ॲलर्जी आणि वॉरफरिन, इन्शुलिन, स्टेरॉइड, फिटांची औषधे यांचा उल्लेख सर्वांत वर असावा. ‘रक्त पातळ होण्याची गोळी’ एवढ्या नोंदीवरून उपचार ठरवता येत नाहीत. ‘वॉरफरिन ५ मिलिग्रॅम, रात्री ९ वाजता’ असे औषधाचे मूळ नाव, मात्रा आणि वेळ लिहावी. मात्रा बदलली की नोंदही त्याच दिवशी बदलावी, कारण जुनी यादी कोऱ्या पानापेक्षा घातक ठरू शकते.

प्रश्न : पुरामुळे दोन दिवस वीज आणि नेटवर्क नव्हते, ॲपने आठवण दिली नाही आणि आईचे डोस चुकले. राहिलेल्या गोळ्या एकदम द्याव्यात का?

उत्तर : नाही, चुकलेला डोस भरून काढण्यासाठी दुप्पट मात्रा देऊ नये. चुकलेल्या डोसचे काय करायचे हे प्रत्येक औषधागणिक वेगळे असते, त्यामुळे ते डॉक्टरांना आधीच विचारून त्या औषधाच्या नोंदीखाली लिहून ठेवावे. फिटांची औषधे, स्टेरॉइड आणि हृदयाचे ठोके मंद करणारी बीटा ब्लॉकर औषधे अचानक थांबणे विशेष धोक्याचे असते. ती चुकली असतील तर आजच डॉक्टरांशी बोलावे. काही ॲप फोनमध्येच गजर लावतात, तर काही इंटरनेटवर अवलंबून असतात. आपले ॲप कोणत्या प्रकारचे आहे हे एक दिवस एअरप्लेन मोड ठेवून पाहावे आणि बॅटरी बचतीच्या बंधनातून ते वगळावे. यादीची कागदी प्रत मात्र औषधांच्या डब्यात हवीच, कारण बंद पडलेला फोन काहीच सांगत नाही.

प्रश्न : प्रवासात इन्शुलिन संपले आणि दुसरीकडून घ्यावे लागले, तर ॲपमधली युनिटची नोंद पुरेल का?

उत्तर : पुरणार नाही. इन्शुलिन एका मिलिलिटरमध्ये ४० किंवा १०० युनिट अशा तीव्रतेत मिळते आणि सिरिंजही त्यानुसार वेगळी असते. १०० युनिटचे इन्शुलिन ४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरले, तर शरीरात २५ युनिट जातात. म्हणून इन्शुलिनचा प्रकार, तीव्रता आणि सिरिंजचा प्रकार ॲपमध्ये लिहावा, शिवाय कुपीच्या लेबलचा फोटोही जोडावा.