कार्बनची सायकल आणि दहा लाखांचा विमा

चिंचवडच्या एका चौतीस वर्षांच्या वाचकांनी विचारले आहे की, मुंबई–पुणे सायकल शर्यतीसाठी सव्वादोन लाखांची कार्बन फ्रेमची सायकल घ्यावी, की सव्वा लाखाची ॲल्युमिनियमची. पैसे तीन लाखांच्या मुदत ठेवीतून काढायचे आणि दोन वर्षांत बक्षिसांतून भरून काढायचे, असा त्यांचा बेत आहे.

दोन्ही सायकलींच्या वजनात साधारण एका किलोचा फरक पडेल. तुम्ही स्वतः 84 किलोंचे आहात. सायकलीसह 93 धरले, तर वाचला जेमतेम एक टक्का. बोरघाटाच्या ज्या चढाला तुम्हाला अर्धा तास लागतो, तो वीसएक सेकंद लवकर संपेल, आणि त्यासाठी लाख रुपये जास्त पडतील. बक्षिसाचा आकडा तर हिशेबातून आजच खोडावा; गेल्या वर्षी शर्यत अर्ध्यावर सोडल्याचे तुम्हीच लिहिले आहे.

मला खरी चिंता वाटली ती पत्राच्या शेवटच्या ओळीची: ‘विमा भरपूर आहे.’ वर्षाला साठ हजारांचा हप्ता, मुदत वीस वर्षे, विमा रक्कम दहा लाख, आणि अखेरीस ‘वीस लाख मिळतील’ असे एजंटाचे तोंडी आश्वासन. बारा लाख भरून वीस मिळाले, तरी परतावा पाच टक्क्यांच्या आतच राहतो. इकडे घरकर्ज तीस लाखांचे, मुलगी तीन वर्षांची आणि कमावणारे तुम्ही एकटे. घाटाच्या उतारावर काही बरेवाईट झाले, तर या ‘भरपूर’ विम्यातून कर्जाचा तिसरा हिस्साच फिटेल. पॉलिसी गळ्यात मारताना कर्ज किती आहे, हे विचारण्याची तसदी एजंटाने घेतलेली दिसत नाही.

प्रथम एक कोटीचा टर्म विमा घ्या. निर्व्यसनी असाल, तर वर्षाला पंधरा हजारांच्या आसपास पडेल. अर्जात शर्यतींचा उल्लेख लपवू नका. टर्म विमा मृत्यूनंतरच कामी येतो, म्हणून अपंगत्वासाठी वैयक्तिक अपघात विमाही हवा. त्यासाठी पाचएक हजार धरा, मात्र शर्यतीतील अपघात त्यात वगळलेले नाहीत ना, हे सही करण्यापूर्वी वाचा. या दोन्ही पॉलिसी हाती आल्यावरच जुनी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून ती कमी रकमेवर चालू ठेवा. पाच हप्ते भरले असल्याने ते शक्य आहे.

मुदत ठेव म्हणजे तुमचा सहा महिन्यांचा घरखर्च आहे, तिला हात लावू नये. वाचलेल्या साठ हजारांच्या हप्त्यातून नव्या दोन विम्यांचे वीस वजा जाता वर्षाला चाळीस हजार उरतात. दोन वर्षांचे ऐंशी आणि जुनी सायकल विकून येणारे चाळीस मिळून ॲल्युमिनियमची सायकल जवळजवळ सुटते. तोवर जुन्याच सायकलीला चांगले टायर घालून घाट चढावा.