चिकाचे डाग

पोरी,

तुझ्या कादंबरीचं बाड दोन रात्रींत वाचून काढलं. भुसावळच्या फलाटावरचा पाठलाग झकास जमलाय. पण तुझ्या पत्रकाराला सल आहे ती खुनाचा तपास लागत नाही याची. ती पोलिसांची सल झाली. आमच्या धंद्यातल्या माणसाची झोप उडते ती स्वतःच छापलेल्या एखाद्या ओळीने.

माझंच सांगतो. तापीकाठच्या एका गावात रात्रीतून कुणीतरी निसवलेली केळीची बाग कापून आडवी केली. सकाळी पोचलो तर खोडांतून पाणी ठिबकत होतं आणि मालक एकेक कोवळा घड उचलून, चाचपून परत खाली ठेवत होता. संध्याकाळी कळलं, शेजारच्या मळ्यातला सालदार, वर्षाच्या बोलीने ठेवलेला गडी, उचललाय, सदऱ्यावर केळीच्या चिकाचे डाग आहेत, कबुलीही दिलीय. ‘चिकाच्या डागांनी फोडलं बिंग’ असा मथळा मी ठोकला. ‘संशयित’ हा शब्द दोन कॉलमांत बसेना, म्हणून उडवला.

आता सांग, रावेर-यावल पट्ट्यात केळीत राबणाऱ्या कुणाचा सदरा बिनडागाचा असतो? त्या सकाळचे डाग माझ्याही शर्टावर होते. धुतले तसे काळेच पडत गेले. आणि पोलिसांपुढची कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही, हे मला तोंडपाठ होतं. (तेव्हा १८७२च्या पुरावा कायद्याचं कलम २५, १ जुलै २०२४पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं २३. तुझी गोष्ट कुठल्या साली घडते ते आधी ठरव, वकील वाचक लगेच पकडतात.)

पंच फितूर झाले, तो सुटला. ती बातमीही मीच लिहिली. चार ओळी, आतल्या पानावर. मधल्या काळात एका आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याला कुणी सालाने ठेवलं नव्हतं.

बाग त्यानेच कापली होती का? मला आजही ठाऊक नाही. म्हणून म्हणतो, शेवटी खरा गुन्हेगार हात जोडून सगळं सांगतो ते प्रकरण काढून टाक. त्याऐवजी तुझ्या पत्रकाराला त्या माणसाच्या ओट्यावर नेऊन बसव. मी गेलो होतो. त्याने चहा पाजला, केळीच्या भावावर बोलला. बातमीचं त्याने काढलं नाही. मीही नाही.

नवं प्रकरण झालं की पाठव.

– आबा