पुठ्ठ्याच्या कर्ण्यात कृष्णद्रव्य सापडेल का?

प्रश्न : पुठ्ठ्याचा कर्णा आणि रेडिओ डोंगल (संगणकाला जोडायचा छोटा रेडिओ) वापरून आकाशगंगेच्या फिरण्याचा वेग मोजता येतो, असं वाचलं. त्यातून मुलांना कृष्णद्रव्य दाखवता येईल का? (विज्ञान शिक्षक, मिरज)

उत्तर : वेग मोजता येईल. कृष्णद्रव्याचा, म्हणजे न दिसणाऱ्या, फक्त गुरुत्वाकर्षणातून जाणवणाऱ्या द्रव्याचा पुरावा मात्र त्यातून मिळणार नाही.

आकाशगंगेतला हायड्रोजन वायू १४२०.४ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे २१ सेंमी तरंगलांबीवर, क्षीण रेडिओ लहरी सोडतो. त्या पकडायला थिनरचा ५ लिटरचा चौकोनी डबा घ्या, रुंदी १६-१७ सेंमी. गोडेतेलाचा १५ किलोचा डबा नको. रुंदी २१ सेंमीच्या वर गेली की लहरी आत एकाहून जास्त तऱ्हांनी धावतात आणि सगळं विस्कटतं. रुंद बाजूला मधोमध, तळापासून ७ सेंमीवर भोक पाडून ५.२ सेंमी तांब्याची तार आत उभी सोडा. ती पत्र्याला टेकू देऊ नका. डब्याच्या तोंडाला पुठ्ठ्याचा कर्णा, आतून फॉइल, तोंड साधारण ७५ × ६० सेंमी. फिल्टरवाला ॲम्प्लिफायर तारेला अगदी लागून हवा. मध्ये लांब केबल घातलीत तर केबलचा गोंगाटच मोठा होऊन येतो. काहीच दिसलं नाही, तर डोंगलमधून ॲम्प्लिफायरला वीज जातेय का ते आधी बघा. घोटाळा बहुधा तिथंच असतो. जवळच्या एलईडी ट्यूबही बंद करा.

ऑगस्टअखेरीस रात्री साडेआठच्या सुमारास कर्णा दक्षिणेला ७० अंश उंच धरा. ढग असले तरी चालतील, पुठ्ठा तेवढा भिजू देऊ नका. डोंगलमधून येणाऱ्या वारंवारितेच्या आलेखाची ५ मिनिटांची सरासरी घ्या, मग आकाशगंगेच्या पट्ट्यापासून दूर तेवढाच वेळ घेऊन ती वजा करा. जो उंचवटा उरेल त्याचं शिखर नव्हे, तर कमी वारंवारितेकडची कड वाचायची. इथं हमखास चूक होते. १४२०.४ पासून ती कड जितके किलोहर्ट्‌झ खाली, त्याला ४.७४ ने भागलं की सेकंदाला किलोमीटर मिळतात. पृथ्वीच्या स्वतःच्या वेगाची दुरुस्ती करून उत्तर ११० च्या आसपास यावं. कर्ण्याची नजर जवळपास २० अंश रुंद असल्यानं कड थोडी पुसट येणारच.

कर्णा आकाशगंगेच्या केंद्रापासून ३०° बाजूला रोखलेला आहे, आणि त्या रेषेवरचा सर्वांत वेगानं दूर जाणारा वायू, म्हणजेच ती कड, केंद्रापासून आपल्या निम्म्या अंतरावर असतो. त्यात सूर्याच्या सेकंदाला २२० किमी वेगाचा वाटा, २२० × साइन ३०° = ११०, मिळवला की २२०. म्हणजे केंद्रापासून आपल्या निम्म्या अंतरावरही वेग आपल्याएवढाच. मुलांना हे जरूर दाखवा, पण यातले ११० आपण स्वतःच घातलेत हेही सांगा. शिवाय तिथं तारे आणि वायू इतके दाट आहेत की त्यांच्या वस्तुमानानं हा वेग बराचसा समजावता येतो. कोडं आहे ते बाहेर. बुध सेकंदाला ४७ किमी धावतो, नेपच्यून ५.४, दीर्घिकेच्या कडेलाही वेग असाच घसरायला हवा. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड या खगोलशास्त्रज्ञांनी १९७० साली देवयानी दीर्घिकेत मोजलं, तर तो घसरत नव्हता. म्हणजे तिथं न दिसणारं वस्तुमान असावं, तेच कृष्णद्रव्य. तुमची पद्धत सूर्याच्या कक्षेच्या आतच चालते.

प्रश्न : कृष्णद्रव्य सगळीकडे आहे, तर ग्रहांच्या गतीत ते का जाणवत नाही? (वाचक, कराड)

उत्तर : फार विरळ म्हणून. आपल्या परिसरातल्या घनतेचा प्रचलित अंदाज धरला, तर पृथ्वीएवढ्या आकारमानात ते जेमतेम अर्धा किलो भरतं. ते कशाचं बनलंय हे अजून कुणाला सांगता आलेलं नाही. अमेरिकेत दीड किलोमीटर खोल खाणीत ७ टन द्रवरूप झेनॉन ठेवून कृष्णद्रव्याच्या कणांची वाट पाहिली जातेय. खात्रीचा एकही कण मिळालेला नाही.