वाचक विचारतात : बराकींची बाग

प्रश्न : हाँगकाँगच्या ऐन मध्यवस्तीतल्या ब्रिटिश बराकी वसाहत सरकारने विकत घेतल्या का?

उत्तर : साध्या खरेदीखताचा हा मामला नव्हता. जमीन मुळात ब्रिटिश राजसत्तेचीच. लष्कराकडे होता तो ताबा. त्यामुळे घासाघीस दराइतकीच ‘आम्ही उठून जायचं कुठे आणि नवं बांधकाम कुणाच्या खर्चाने?’ यावर चाले. लष्कर लंडनला जबाबदार, स्थानिक सरकार गव्हर्नरच्या हाताखाली. साहजिकच फाईल दोन्हीकडे फिरे आणि वर्षं जात. पर्यायी जागा उभी राहिल्याशिवाय पलटण हलत नाही, खरी अडचण ती. मध्यवस्तीतल्या या व्हिक्टोरिया बराकींचा ताबा सरकारला 1979 मध्ये मिळाला. त्याच सुमारास किनाऱ्यावर लष्कराचं नवं मुख्यालय तयार झालं होतं.

ताबा मिळाला तरी इमारतींचा प्रश्न उरतोच. 1846 चं फ्लॅगस्टाफ हाऊस, म्हणजे लष्करी सेनापतीचं निवासस्थान, जागेवरच राहिलं, 1984 मध्ये तिथे चहाच्या भांड्यांचं संग्रहालय झालं. जवळच्या मरे हाऊसचे, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांच्या जुन्या निवासाचे, मात्र दगड क्रमांक घालून उतरवले आणि पुढे बेटाच्या दक्षिणेला स्टॅनलीत पुन्हा रचले. मूळ जागी आता बँक ऑफ चायनाचा मनोरा आहे. व्हिक्टोरिया बराकींच्या जागेवरची बाग 1991 मध्ये खुली झाली. बंदरापलीकडे, कौलूनच्या व्हिटफील्ड बराकींचीही बागच झाली. ब्रिटिश फौजेतल्या भारतीय सैनिकांसाठी 1896 मध्ये बांधलेल्या मशिदीची जागा तिच्या कडेलाच आहे.